वाढतं तापमान आणि डासांचे आजार: पारा किती चढला यापेक्षा दिवस किती लागले ते मोजा

जलबिंदू (धागाकर्ता)

"तापमान वाढलं, म्हणून डास वाढले, म्हणून साथ आली" हे वाक्य इतक्या वेळा छापून येतं की कुणी थांबून विचारच करत नाही. डासांची संख्या वाढते हे खरं आहे. पण तापमानाचा सगळ्यात मोठा परिणाम होतो तो डासाच्या शरीरात, आणि तो समजला की जगात कुठे काय चाललंय याचा उलगडा व्हायला लागतो.

मादीने रुग्णाचं रक्त प्यायलं म्हणजे ती लगेच रोग पसरवते असं नाही. मलेरियाचा परजीवी आधी तिच्या पोटाच्या भिंतीत वाढतो, मग फुटून लाळग्रंथींपर्यंत पोचतो. तोवर तिचा चावा मलेरिया देऊ शकत नाही. डासाचं शरीर बाहेरच्या हवेइतकंच गरम किंवा थंड असतं, त्यामुळे हा काळ हवेवर ठरतो. मलेरियाच्या परजीवीच्या दोन मुख्य जाती म्हणजे फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स. फॅल्सिपेरमसाठी जुना, अजूनही वापरात असलेला हिशोब असा: १६ अंशांच्या खाली वाढ थांबते, त्यावरचा प्रत्येक अंश प्रत्येक दिवसासाठी मोजायचा आणि बेरीज १११ झाली की परजीवी तयार. व्हायवॅक्ससाठी हेच आकडे १४.५ अंश आणि १०५.

आता फॅल्सिपेरमचे दिवस काढा. १८ अंशांना ५५, २० ला २८, २२ ला साडेअठरा, २५ ला १२, २७ ला १०. याच्यासमोर मादीचं आयुष्य ठेवा. रोज दहातली एक मादी मरते असं धरलं, तर परजीवी तयार होईपर्यंत १८ अंशांना हजारातल्या जेमतेम ३ माद्या जिवंत राहतात. २० अंशांना ५४. म्हणजे दोन अंशांत अठरा पट फरक! तेच दोन अंश २५ वरून २७ वर गेले तर २७३ च्या ३४५ होतात, सव्वा पट.

म्हणून माझं म्हणणं असं की तापमानवाढीचा खरा जोर थंडीच्या काठावर दिसतो: डोंगरमाथ्यावर, समशीतोष्ण देशांत, आणि उष्ण देशांतही हिवाळ्याच्या दोन टोकांना. इथिओपिया आणि कोलंबियाच्या उंच भागांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. ज्या वर्षी ऊब जास्त, त्या वर्षी मलेरिया डोंगरात अधिक वर चढतो. वर्ष थंड असलं की खाली उतरतो.

डेंग्यूचा विषाणूही याच वाटेने जातो. २५ अंशांना सरासरी १५ दिवस, ३० अंशांना साधारण साडेसहा.

---

उलटतपासणी

हिशोब चोख आहे, पण इतिहास त्याला इतक्या सहज साथ देत नाही.

इंग्लंडच्या दलदलीच्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकापर्यंत मलेरिया ठाण मांडून होता, आणि त्यातला बराच काळ आजच्यापेक्षा थंड होता. १९२० च्या दशकात रशियात उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या अरखांगेल्स्कपर्यंत मलेरियाची साथ पोचली होती. उलट विसाव्या शतकात पृथ्वी तापत गेली तरी मलेरियाचा जगाच्या नकाशावरचा पसारा आक्रसला. पाण्याचा निचरा झाला, घरं सुधारली, औषधं आली.

डेंग्यूचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे टेक्सासमधलं लारेडो आणि नदीपलीकडचं मेक्सिकोतलं न्यूव्हो लारेडो. हवा तीच, डास तोच. १९९९ च्या साथीनंतर दोन्हीकडे रक्त तपासलं तेव्हा नुकत्याच झालेल्या संसर्गाच्या खुणा मेक्सिकोच्या बाजूला १६ टक्के लोकांत होत्या, टेक्सासच्या बाजूला १.३ टक्के लोकांत. गंमत म्हणजे डासांची पैदास टेक्सासच्या बाजूला जास्त होती! फरक होता तो बंद खिडक्या, वातानुकूलन आणि घरांमधल्या अंतराचा. तेव्हा सगळं तापमानावर ढकललं की पाणीपुरवठा आणि घरबांधणी सांभाळणारे आयते सुटतात. मला खरी काळजी याची आहे.

---

जलबिंदू

तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्या हिशोबातही तो बसतो. इंग्लंडमधला मलेरिया मुख्यतः व्हायवॅक्सचा होता. त्याला कमी ऊब पुरते, आणि तो माणसाच्या यकृतात महिनोन् महिने दबा धरून बसतो. एका उन्हाळ्यातून दुसऱ्या उन्हाळ्यात जायला त्याला डासाची गरज नाही, रुग्णच पुरतो. शिवाय तिथला डास हिवाळ्यात माणसांच्या खोल्यांत आणि गुरांच्या गोठ्यांत राहायचा, म्हणजे त्याला बाहेरची थंडी सोसावीच लागत नव्हती.

तापमान फक्त "इथे साथ होऊ शकते का आणि वर्षातले किती आठवडे" एवढंच ठरवतं. ती होते की नाही हे पाण्याची भांडी, घरं आणि रुग्ण किती लवकर सापडतो यावर. ज्या गावांना आजवर "होऊच शकत नाही" या उत्तराचा आधार होता, तिथे तो आता जातोय.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वाढ कायम वरच जाते असं नाही. मलेरियाच्या प्रसाराला सगळ्यात अनुकूल तापमान साधारण २५ अंश आहे, एडिस इजिप्ती या डेंग्यूच्या मुख्य डासाकडून होणाऱ्या डेंग्यूला २९, आणि त्याच्याच भाऊबंदातल्या एडिस अल्बोपिक्टसकडून होणाऱ्या डेंग्यूला २६ च्या आसपास. त्यापुढे डास लवकर मरतात आणि आलेख उतरतो. त्यामुळे आफ्रिकेच्या काही सखल भागांत पुढे मलेरियाला हवा नकोशी आणि डेंग्यूला हवीहवीशी होण्याची शक्यता आहे. तिथल्या डॉक्टरांनी ताप म्हटलं की आधी मलेरिया धरायचा, ही सवय तपासून पाहावी लागेल.

---

आकडेमोड

जलबिंदूंनी वर मांडलेलं अंश-दिवसांचं गणित करणाऱ्यांसाठी सावधगिरीचे दोन शब्द, कारण यात हमखास चूक होते.

दिवसाचं कमाल आणि किमान घेऊन सरासरी काढली की काठावरच्या तापमानाला उत्तर सपशेल चुकतं. समजा सरासरी १८ आहे, पण दिवसभरात पारा १२ ते २४ असा हलतो. सरासरीवरून रोज २ अंश-दिवस, म्हणजे ५५ दिवस. तेच ताशी तापमान घेऊन, १६ च्या खालचे तास शून्य धरून बेरीज केली तर रोज जवळपास ३ अंश-दिवस मिळतात आणि परजीवी ३७ दिवसांत तयार होतो. रात्रीच्या थंडीत वाढ थांबते, पण दिवसाची कमाई पुसली जात नाही.

करायचं असं: प्रत्येक तासाचं तापमान घ्या, १६ वजा करा, उत्तर ऋण आलं तर शून्य लिहा, सगळी बेरीज करून २४ ने भागा. हा त्या दिवसाचा आकडा. हे आकडे जोडत जा, १११ ओलांडले तो दिवस. वरच्या टोकाला मात्र हे सरळ रेषेचं गणित फसतं. ३२-३३ अंशांच्या पुढे फायदा धरू नका, तिथे परजीवीही मरतो आणि डासही.

दुसरं म्हणजे मोजमापाची जागा. हवामान केंद्राचा तापमापक मोकळ्या जागेत, पांढऱ्या पेटीत असतो. डास असतो पलंगाखाली, कपाटामागे, गोठ्याच्या कोपऱ्यात. थंड रात्री घरातलं तापमान बाहेरच्यापेक्षा सहज काही अंश जास्त असतं, आणि काठावर दोन अंशांना किती किंमत आहे ते वर आलंच आहे. तापमान नोंदवणारं छोटं यंत्र डास विसावतो तिथेच, भिंतीपासून थोडं सुटं, ऊन लागणार नाही असं टांगा.

---

निशाचर

माणसांच्या पलीकडे जाऊन हवाईतल्या पक्ष्यांकडे पाहा, म्हणजे जलबिंदू म्हणतात ती उंचीची सरकती रेषा अगदी स्पष्ट दिसते. तिथे १८२६ च्या सुमारास जहाजातून क्युलेक्स डास पोचला. पुढे पक्ष्यांचा मलेरिया आला आणि हनीक्रीपर कुळातले पक्षी सखल रानांतून नाहीसे झाले. उरले ते साधारण १५०० मीटरच्या वर, कारण पक्ष्यांच्या मलेरियाचा परजीवी १३ अंशांच्या खाली डासात वाढत नाही. आता ती थंड पट्टी वर सरकते आहे आणि डोंगर तर तिथेच संपतो. कावाई बेट फारसं उंच नाही, तिथल्या पक्ष्यांना वर जायला जागाच उरलेली नाही. माउई बेटावर म्हणून २०२३ पासून वोल्बॅकिया जिवाणू असलेले नर डास सोडतात. त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत.

---

पाऊसपाणी

युरोपबद्दल कुणी नीट लिहील का? तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, मग डेंग्यूचा डास टिकतो कसा? आणि आइसलँडमध्ये डास सापडल्याची बातमी आली होती, ती याच मालिकेतली का?

---

निशाचर

टिकतो तो एडिस अल्बोपिक्टस, पायांवर आणि पाठीवर पांढरे पट्टे असलेला, ज्याला टायगर मॉस्किटो म्हणतात. एडिस इजिप्तीची अंडी कोरड्यात महिनोन् महिने तग धरतात, पण कडाक्याच्या थंडीत मरतात. अल्बोपिक्टसच्या समशीतोष्ण भागातल्या माद्यांकडे जास्तीची सोय आहे: दिवस लहान व्हायला लागले की त्या अशी अंडी घालतात जी पाणी मिळालं तरी उबत नाहीत, वसंतापर्यंत झोपून राहतात. हिवाळा सौम्य झाला की यातली जास्त अंडी वाचतात, आणि वसंत लवकर आला की पहिली पिढी लवकर निघते.

प्रवास मात्र हवामानाने घडवलेला नाही, व्यापाराने घडवला. वापरलेल्या टायरांच्या आत कडेला अंडी चिकटलेली असतात. टायर जहाजातून जातात, दुसऱ्या देशात उघड्यावर ढीग लागतो, पाऊस पडतो, अंडी उबतात. अल्बेनियात १९७९, अमेरिकेत ह्यूस्टनला १९८५, इटलीत जिनोआला १९९०. पाण्यात ठेवलेल्या 'लकी बांबू' रोपांबरोबरही तो गेला आहे. म्हणजे वाहून नेलं व्यापाराने आणि राहू दिलं हवेने.

नंतरचा क्रम पाहा. २००७ मध्ये इटलीच्या एमिलिया-रोमान्या भागात चिकुनगुन्याचे २०० हून अधिक स्थानिक रुग्ण. २०१० मध्ये फ्रान्स आणि क्रोएशियात स्थानिक डेंग्यू. २०२२ या एका वर्षात फ्रान्समध्ये ६५ स्थानिक रुग्ण, आधीच्या बारा वर्षांत मिळून झाले होते त्यापेक्षा जास्त. २०२४ मध्ये इटलीत २१३ आणि फ्रान्समध्ये ८३. जगाच्या मानाने आकडे किरकोळ आहेत. २०२४ मध्ये जगभरातून जागतिक आरोग्य संघटनेकडे डेंग्यूच्या १ कोटी ४० लाखांहून जास्त रुग्णांची नोंद गेली. पण "स्थानिक" या शब्दाकडे लक्ष द्या. हे लोक कुठेही प्रवासाला गेलेले नव्हते.

चिकुनगुन्याची गोष्ट थोडी वेगळी. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश लोकांना तो झाला. तिथे विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनात एका जागी बदल झाला, आणि त्या एका बदलाने तो अल्बोपिक्टसमध्ये फार सहज वाढू लागला. शिवाय तो डासात डेंग्यूपेक्षा लवकर तयार होतो. लहान उन्हाळ्याच्या देशांत चिकुनगुन्याकडे जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं ते यासाठी.

आइसलँडला ऑक्टोबर २०२५ मध्ये सापडले ते कुलिसेटा अ‍ॅन्युलाटा जातीचे तीन डास. ही जात थंडीला सरावलेली आहे आणि डेंग्यू पसरवत नाही. बातमी खरी आहे. तिच्यावरून साथीचा निष्कर्ष काढणं चूक.

---

क्षेत्रकर्मी

आता कामाचं बोलू. एखाद्या नव्या भागात डेंग्यूचा बाहेरून आलेला पहिला रुग्ण सापडला की हातात किती दिवस असतात?

ताप आल्याचा दिवस शून्य धरा. रुग्णाच्या रक्तात डासाला लागण होण्याइतका विषाणू तापाच्या एक-दोन दिवस आधीपासून ते ताप आल्यावर पाचेक दिवसांपर्यंत असतो. २८ अंशांच्या आसपास डासात तयार व्हायला ८ ते १० दिवस. मग ज्याला तो डास चावेल त्याला ताप यायला ४ ते ७ दिवस. म्हणजे दुसऱ्या फळीचे रुग्ण साधारण १२ ते २० व्या दिवशी दिसतात. रोगाचं निदान सहाव्या दिवशी झालं तर लागण झालेल्या डासांतले बरेचसे अजून निरुपद्रवी आहेत, त्यांना गाठता येतं. निदान पंधराव्या दिवशी झालं तर दुसरी फळी तयार झालेली असते. सगळी लढाई या नऊ दिवसांची आहे.

निदान उशिरा का होतं? एनएस१ चाचणी रक्तात विषाणूचं प्रथिन शोधते, ती तापाच्या पहिल्या पाच दिवसांत भरवशाची. आठव्या दिवशी तीच केली तर "नकारात्मक" येऊ शकते आणि रुग्ण यादीतून सुटतो. पाच दिवस उलटल्यावर आयजीएम, म्हणजे शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी करायला हवी. ज्या देशांत डेंग्यू नवा आहे तिथे डॉक्टरांच्या डोक्यातच तो येत नाही, ही अडचण चाचणीपेक्षा मोठी.

कळल्यापासून २४ ते ४८ तासांत रुग्णाच्या घराभोवती १५० ते २०० मीटरचा पट्टा धरतात, कारण एडिस बहुधा तेवढ्यातच फिरतो. पण माणूस फिरतो! एडिस दिवसा चावतो, म्हणून त्या आठवड्यात रुग्ण दिवसभर जिथे होता ती शाळा, कारखाना, कार्यालय हा दुसरा पट्टा. तो राहून जातो आणि साथ तिथून उठते.

धूरफवारणीबद्दल लोकांची अपेक्षा भलतीच असते, म्हणून सविस्तर लिहितो. औषध उडत्या डासाला लागावं लागतं. थेंब १० ते २५ मायक्रॉनचे हवेत. मोठे झाले तर खाली पडतात, फार बारीक झाले तर वाहून जातात. भर दुपारी जमीन तापलेली असते, हवा वर चढते आणि औषधही तिच्याबरोबर वर जातं. पहाटे किंवा संध्याकाळी, वारा मंद असताना ते जमिनीलगत राहतं. एडिस इजिप्ती घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसतो; रस्त्यावरून गाडी धूर सोडत गेली आणि दारं-खिडक्या बंद असतील तर आतल्या डासाला काहीच होत नाही. पाण्यातल्या अळ्या आणि कोष तर शाबूतच राहतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवे डास बाहेर. म्हणून भांडी रिकामी केल्याशिवाय धूर मारणं म्हणजे वेळ दवडणं.

आणि आधी प्रतिकार तपासा. काचेच्या बाटलीला आतून औषधाचं ठरलेलं प्रमाण लावतात, त्यात माद्या ठेवून किती मरतात ते मोजतात. ९८ टक्के किंवा जास्त मेल्या तर औषध चालतं. ९० च्या खाली असेल तर प्रतिकार पक्का, औषधाचा गट बदला. मधलं असेल तर पुन्हा तपासा. पायरेथ्रॉइड गटाला एडिस जगात ठिकठिकाणी दाद देत नाही.

---

पाऊसपाणी

धन्यवाद, फार उपयोगी. दुष्काळात तरी डास कमी व्हायला हवेत ना? पाऊस नाही तर डबकी नाहीत.

---

आकडेमोड

डेंग्यूच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं होतं. ब्राझीलच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदींचा २०२१ चा अभ्यास आहे: अतिवृष्टीनंतर डेंग्यूचा धोका पहिल्या तीन महिन्यांत वाढलेला दिसतो, आणि तीव्र दुष्काळानंतर तो तीन ते पाच महिन्यांनी वाढतो. नळाला पाणी अनियमित झालं की लोक पिंपं, टाक्या भरून ठेवतात. एडिसला तेच हवं असतं: स्वच्छ, स्थिर, सावलीतलं पाणी. जिथे पाणीपुरवठा आधीच तुटक होता तिथे दुष्काळाचा हा परिणाम ठळक, हेही त्यात आलं. उलटतपासणींना अपेक्षित असलेला दुवा हाच.

पक्ष्यांतून डासांमार्फत माणसात येणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूचंही असंच. पाणी आटलं की पक्षी आणि क्युलेक्स उरलेल्या थोड्या पाणवठ्यांवर एकत्र येतात. गटारांतलं साचलेलं घाण पाणी पावसाने धुऊन निघत नाही, तिथे क्युलेक्स पोसतो.

पुराची चाल निराळी. पहिल्या लोंढ्यात अळ्या वाहून जातात, दोन आठवडे डास कमीच दिसतात आणि यंत्रणा निर्धास्त होते. पाणी ओसरताना मागे डबकी राहतात, मग मलेरियाचा डास अ‍ॅनॉफिलीस वाढतो, मग परजीवीचे दिवस, मग माणसातले. रुग्ण वाढायला दीड-दोन महिने जातात. पाकिस्तानात २०२२ च्या महापुरानंतर मलेरिया आदल्या वर्षीच्या पाचपट झाला. मच्छरदाण्या आणि औषधं पोचवायची ती पहिल्या महिन्यात, आकडे चढायची वाट पाहून नव्हे.

---

जलबिंदू

टाक्यांचा विषय निघाला म्हणून अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी. मलेरिया म्हणजे खेडं आणि पाणथळ, असं आफ्रिकेत समीकरण होतं. हा डास दक्षिण आशिया आणि अरबस्तानातला, शहरातल्या टाक्यांत वाढणारा. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबुती देशात सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर. पुढे इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना इथेही तो आढळला. कोरड्या ऋतूत जिथे मलेरिया थांबायचा तिथे आता टाकीतलं पाणी बारमाही आहे. पलंगावरची मच्छरदाणी आणि भिंतीवरची फवारणी हे जुने उपाय याला अपुरे पडतात, कारण तो घराबाहेर आणि गुरांनाही चावतो. टाकीवरच घाव घालावा लागतो.

---

क्षेत्रकर्मी

टाकीवर घाव म्हणजे नेमकं काय ते लिहितो.

झाकण घट्ट हवं. कडेला बोटभर फट असेल तर ते झाकण डासाला सावलीच देतं, म्हणजे उघड्यापेक्षा वाईट. हवेच्या नळीला आणि जादा पाणी बाहेर पडण्याच्या नळीला जाळी, भोक १.२ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. ही दुसरी नळी बहुतेक जण विसरतात.

पिंप रिकामं करणं पुरत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भिंतीला चिकटलेली असतात, काळी, साखरेच्या दाण्याहूनही बारीक. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात आणि पिंप भरलं की उबतात. आतून ताठ ब्रशने, विशेषतः पाण्याच्या रेषेच्या पट्ट्यात, खरवडून घासा आणि ते पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओता.

रिकामी करता न येणाऱ्या टाकीसाठी अळीनाशक. पिण्याच्या पाण्यात टेमिफॉस लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर नको. १ टक्का दाणे असतील तर दहा लिटरला १ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम. माप टाकीच्या पूर्ण क्षमतेवर घ्या. अर्ध्या भरलेल्या टाकीतल्या पाण्याचं माप घेतलं आणि नंतर टाकी भरली, की औषध निम्मं पातळ होतं. अळ्या मरत नाहीत, उलट तावून-सुलाखून प्रतिकारक्षम होतात. बीटीआय हा जिवाणू अळीने खावा लागतो. कोष काही खात नाही, त्यामुळे कोष दिसत असतील तर बीटीआयवर विसंबू नका, आधी गाळून काढा. पायरिप्रॉक्सिफेन टाकलेल्या पाण्यात अळ्या जिवंत वळवळताना दिसतात आणि तपासनीस "औषध निकामी" असा शेरा मारतो. ते औषध अळीला मारत नाही, कोषातून डास बाहेर येऊ देत नाही. तपासायचं असेल तर कोष वेगळ्या भांड्यात जाळीखाली ठेवून किती डास निघतात ते मोजा.

वाढत्या उन्हाचा इथेही संबंध आहे. ३० अंशांच्या आसपास अंडं उबल्यापासून डास उडेपर्यंत आठवडाभरच लागतो. "आठवड्यातून एकदा भांडी कोरडी" हे वेळापत्रक थंड महिन्यांत सैल, पण उन्हाळ्यात अगदी काठावर येतं. एक वार चुकला की एक पिढी बाहेर. उन्हाळ्यात पाच दिवसांवर आणा.

---

उलटतपासणी

वोल्बॅकियावर फार आशा ठेवली जाते आहे. इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या चाचणीत हा जिवाणू असलेले डास सोडल्यावर डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आकडा खणखणीत आहे. पण उष्णतेच्या लाटेत तो जिवाणू डासात टिकतो का?

---

निशाचर

प्रश्न नेमका आहे. योग्याकार्तात वापरलेला प्रकार डब्ल्यूमेल. अळ्या रोज २६ ते ३७ अंशांच्या चक्रात वाढवल्या तर डासांतलं त्याचं प्रमाण खूप घटतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. उन्हात ठेवलेल्या छोट्या डब्यातलं पाणी एवढं सहज तापतं. मलेशियात म्हणूनच उष्णता अधिक सोसणारा डब्ल्यूअल्बबी हा प्रकार वापरला. डास सोडण्याची योजना असेल तर आधी त्या भागातली पैदास कोणत्या भांड्यांत होते आणि त्यांचं पाणी दुपारी किती तापतं ते मोजा, मग प्रकार निवडा. उन्हाळ्यानंतर डासांचे नमुने घेऊन किती टक्क्यांत जिवाणू उरला तेही तपासा. हवेचा पारा पाहून हे कळणार नाही.

लशींबद्दल थोडक्यात: डेंग्यूच्या टीएके-००३ लशीचे दोन डोस तीन महिन्यांच्या अंतराने, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे ती जास्त प्रसाराच्या भागांतल्या ६ ते १६ वयाच्या मुलांसाठी. मलेरियासाठी आरटीएस,एस आणि आर२१, दोन्हींचे चार डोस, लहान बाळांना. यातली कुठलीही लस चिकुनगुन्यावर किंवा वेस्ट नाइलवर चालत नाही, तेव्हा पाण्याचं काम सुटत नाही.

---

पाऊसपाणी

शेवटचा प्रश्न. आपल्या वस्तीत एडिस आहे का आणि किती, हे फारसा खर्च न करता कसं कळेल?

---

क्षेत्रकर्मी

अंडी-सापळा. अर्धा ते एक लिटरचं काळं भांडं घ्या, बाजूला दोन तृतीयांश उंचीवर एक भोक पाडा म्हणजे पावसात ते काठोकाठ भरणार नाही. भोकाच्या खालीच पाणी ठेवा. वाळलेलं गवत आठवडाभर भिजवून ते पाणी एकास नऊ या प्रमाणात साध्या पाण्यात मिसळलं तर माद्या जास्त येतात. आत खरखरीत लाकडी पट्टी उभी टेकवा, खरखरीत बाजू आतल्या पाण्याकडे. जागा सावलीची, वाऱ्याआड, जमिनीपासून दीड मीटरच्या आत. गुळगुळीत पट्टीवर अंडी कमी बसतात. भांडं उन्हात तापलं तर मादी फिरकत नाही. मुंग्या आणि झुरळं अंडी खातात, म्हणून भांडं वारुळापासून आणि कचऱ्यापासून लांब.

दर सहा दिवसांनी पट्टी बदला, पाणी जमिनीवर ओता, भांडं आतून घासा. सात दिवसांच्या वर सापळा तसाच ठेवला तर तुम्हीच डास पैदा करता. ज्याच्याकडून ही शिस्त पाळली जाणार नाही त्याने सापळा लावू नये.

दोन आकडे लिहायचे: शंभरातल्या किती सापळ्यांत अंडी मिळाली, आणि अंडी मिळालेल्या सापळ्यांत सरासरी किती. पहिला आकडा पसारा सांगतो, दुसरा दाटी. अंड्यांवरून इजिप्ती की अल्बोपिक्टस हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. पट्टी वाळवून, पुन्हा भिजवून, अळ्या वाढवून पाहाव्या लागतात. आणि एका सापळ्याशेजारी आकडेमोड म्हणतात तसं तापमान नोंदवणारं यंत्र टांगा. अंडी मिळू लागल्याचा आठवडा आणि विषाणू दहा-बारा दिवसांत तयार होईल इतकी ऊब आल्याचा आठवडा, या दोन तारखा वेगळ्या असतात. भांडी घासायची मोहीम पहिल्या तारखेला सुरू करा. दुसरी तारीख आली की दवाखान्यांना कळवा: प्रवासाहून आलेल्या प्रत्येक तापाच्या रुग्णाची डेंग्यू चाचणी, पहिल्या पाच दिवसांतच.